पाळीव प्राण्यांचे दयामरण

पाळीव प्राण्यांचे दयामरण म्हणजे असाध्य आजार, भरून न येणारी इजा किंवा औषधांनी आटोक्यात न येणाऱ्या वेदना यांनी ग्रासलेल्या पाळीव प्राण्याचे जीवन पशुवैद्यकाने औषधाच्या साहाय्याने, त्याला शक्य तितकी कमी वेदना, भीती व ताण होईल अशा रीतीने संपवणे होय. ही प्रक्रिया प्रामुख्याने कुत्रा व मांजर यांच्या बाबतीत केली जाते. ससा, गिनीपिग, पक्षी यांसारख्या लहान प्राण्यांसाठीही ती वापरली जाते. ती पशुवैद्यकाच्या दवाखान्यात किंवा पालकाच्या घरी पार पाडली जाते.

दयामरण चांगले पार पडले की नाही, हे केवळ मृत्यू किती लवकर आला यावरून ठरवले जात नाही. शुद्ध हरपेपर्यंत प्राण्याला काय जाणवले, हा आधुनिक पशुवैद्यकशास्त्रातील मुख्य निकष आहे. आपल्याला येथे का आणले आहे हे प्राण्याला कळत नाही. अनोळखी जागा, इतर प्राण्यांचा वास, घट्ट धरून ठेवणारे हात व जवळच्या माणसांची अस्वस्थता मात्र त्याला जाणवते. म्हणून औषधाच्या निवडीइतकेच महत्त्व त्यापूर्वीच्या तयारीला व हाताळणीला दिले जाते.

## संज्ञा

या प्रक्रियेसाठी वापरला जाणारा 'युथनेशिया' हा शब्द 'चांगला' व 'मृत्यू' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनला आहे. मराठीत त्यासाठी 'दयामरण', 'दयामृत्यू' व 'सुखमरण' हे शब्द आढळतात. 'इच्छामरण' हा शब्द प्राण्यांच्या संदर्भात वापरणे योग्य ठरत नाही, कारण प्राणी मृत्यूविषयी आपली इच्छा व्यक्त करू शकत नाही. त्याच्या वतीने निर्णय पालक व पशुवैद्यक घेतात. बोलण्यात 'इंजेक्शन देणे' किंवा 'झोपवणे' असे सौम्य शब्दप्रयोगही केले जातात.

माणसांच्या बाबतीतील दयामरणाचा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने वेगळा आहे. अरुणा शानबाग प्रकरणात २०११ मध्ये व त्यानंतर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतात केवळ निष्क्रिय दयामरणास, म्हणजे जीवनरक्षक उपचार थांबवण्यास, अटींसह मान्यता दिली. औषध टोचून माणसाचे जीवन संपवण्यास भारतात परवानगी नाही.

## इतिहास

आजारी व निरुपयोगी ठरलेल्या प्राण्यांना न मारता त्यांचा शेवटपर्यंत सांभाळ करण्याची परंपरा पश्चिम भारतात पांजरपोळांच्या रूपाने दीर्घकाळ चालत आली आहे. मुंबईत भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या ब्रिटिश सरकारच्या मोहिमेविरुद्ध १८३२ मध्ये पारशी समाजाच्या पुढाकाराने दंगल झाली. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरपोळ स्थापन झाला.

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात नको असलेल्या कुत्र्यांना कमी यातना देऊन मारण्याचे उपाय शोधले जाऊ लागले. बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन या वैद्याने तयार केलेली विषारी वायूची मारणकोठी १८८४ मध्ये लंडनमधील बॅटरसी येथील श्वानगृहात वापरात आली. विसाव्या शतकात बार्बिट्युरेट गटातील भूल देणारी औषधे उपलब्ध झाल्यावर शिरेतून औषध देण्याची पद्धत रूढ होत गेली. अमेरिकन पशुवैद्यकीय संघटनेने या विषयावरील तज्ज्ञगटाचा पहिला अहवाल १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या सुधारित आवृत्त्या वेळोवेळी निघाल्या असून अनेक देशांतील पशुवैद्यक त्यांचा आधार घेतात.

भारतात या विषयावरील सर्वाधिक गाजलेला वाद १९२८ मध्ये साबरमती आश्रमात घडला. आश्रमातील एक वासरू जायबंदी होऊन तीव्र वेदनांत पडून होते. त्याला कुशीवर वळवणेही यातनादायक झाले होते आणि उपचार करणाऱ्या शल्यवैद्याने आशा सोडली होती. सहकाऱ्यांशी चर्चा केल्यानंतर महात्मा गांधी यांनी डॉक्टरांकडून स्वतःच्या उपस्थितीत त्याला विषाचे इंजेक्शन देवविले. या कृतीवर मोठी टीका झाली व गांधींना अनेक संतप्त पत्रे आली. त्यांनी 'नवजीवन' व 'यंग इंडिया' या पत्रांतून आपली भूमिका मांडली. वेदना दूर करण्याचा दुसरा कोणताही मार्ग उरला नसेल आणि त्यात स्वतःचा स्वार्थ नसेल, तर असे कृत्य अहिंसेशी विसंगत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

## निर्णय

दयामरणाचा विचार सामान्यतः शेवटच्या टप्प्यातील कर्करोग, मूत्रपिंड, यकृत वा हृदय निकामी होणे, वार्धक्यातील तीव्र संधिविकार, पाठीच्या कण्याची गंभीर इजा किंवा अपघातातील प्राणघातक जखमा अशा परिस्थितीत केला जातो. केवळ वय झाले हे त्याचे पुरेसे कारण मानले जात नाही. अनेक वृद्ध प्राणी वेदनाशामके, योग्य आहार व मऊ अंथरूण यांच्या आधाराने समाधानाने जगू शकतात. म्हणून वेदनांवर पुरेसा उपचार झाला आहे का, याची खात्री प्रथम केली जाते.

प्राणी वेदना लपवतात, त्यामुळे त्यांचे दुःख ओळखणे अवघड असते. मांजर अडगळीत लपून बसू लागते, अंग चाटून स्वच्छ ठेवणे सोडते किंवा उडी मारणे टाळते. कुत्रा रात्री अस्वस्थपणे फिरतो, कारण नसताना धापा टाकतो, हात लावल्यास गुरगुरतो किंवा दाराशी स्वागताला येणे थांबवतो. रोज सोबत राहणाऱ्यांच्या नजरेतून हळूहळू होणारे बदल निसटू शकतात.

निर्णयासाठी जीवनमान मोजणारे तक्ते वापरले जातात. अमेरिकी पशुवैद्यक ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये मांडलेल्या मापनपट्टीत पुढील ७ निकष आहेत:

* वेदना, तसेच श्वास घेण्यातील त्रास
* भूक
* शरीरातील पाण्याचे प्रमाण
* स्वच्छता
* आनंद व आसपासच्या गोष्टींतील रस
* हालचाल
* वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का

प्रत्येक निकषाला ० ते १० गुण दिले जातात. एकूण ३५ पेक्षा अधिक गुण असल्यास शुश्रूषा चालू ठेवण्याजोगे जीवनमान आहे असे मानले जाते. श्वास घेण्यास धडपडावे लागत असेल, तर इतर गुण कितीही असले तरी तातडीने उपाय आवश्यक असतो. दिनदर्शिकेवर चांगल्या व वाईट दिवसांची वेगवेगळी खूण करणे, हा एक सोपा पर्याय आहे. अशी नोंद अनेक आठवड्यांची असल्यास कुटुंबातील मतभेद कमी होण्यास मदत होते.

निर्णय फार लांबल्यास तो रात्री-अपरात्री, प्राणी अत्यवस्थ असताना व अनोळखी डॉक्टरकडे घ्यावा लागण्याची शक्यता वाढते. अशा वेळी शांतपणे तयारी करण्यास वाव राहत नाही. त्यामुळे गंभीर आजाराचे निदान झाल्यावर, प्राणी बरा असतानाच, कोणती लक्षणे दिसल्यावर हा मार्ग स्वीकारायचा हे पशुवैद्यकाशी बोलून ठरवणे हितावह समजले जाते.

## पूर्वतयारी

### वेळ व जागा

दवाखान्यात जायचे असल्यास गर्दी नसलेली वेळ, शक्यतो दिवसातील शेवटची, मागून घेतली जाते. भेटीचा हेतू आधीच कळवल्यास कर्मचारी स्वतंत्र खोली तयार ठेवू शकतात व कुटुंबाला इतर रुग्णांसोबत ताटकळत बसावे लागत नाही. खोली रिकामी होईपर्यंत प्राण्याला वाहनातच ओळखीच्या माणसाजवळ ठेवणे हा एक मार्ग आहे. मात्र उन्हाळ्यात बंद वाहन अत्यंत वेगाने तापते, त्यामुळे त्यात प्राण्याला एकटे ठेवणे धोकादायक असते.

धातूचे तपासणी मेज थंड व निसरडे असते. पाय घसरू लागल्यास प्राणी घाबरतो. त्याऐवजी जमिनीवर किंवा मेजावर घरून आणलेली गोधडी, चादर वा सतरंजी अंथरली जाते. लहान प्राण्याला मांडीवर घेता येते. घरचा वास असलेले कापड मांजरांसाठी विशेष उपयुक्त ठरते. मांजराला ओढून बाहेर काढण्यापेक्षा प्रवासी पिंजऱ्याचे वरचे झाकण काढून त्यातच गुंगीचे इंजेक्शन देणे कमी तणावाचे असते.

दवाखान्याची तीव्र भीती असलेल्या किंवा चावा घेणाऱ्या प्राण्याला निघण्यापूर्वी घरीच देण्यासाठी पशुवैद्यक गॅबापेंटिनसारखे तोंडाने घेण्याचे औषध लिहून देऊ शकतात. माणसांची वेदनाशामके किंवा झोपेच्या गोळ्या सल्ल्याशिवाय देणे घातक असते. पॅरासिटामॉल मांजरांना विषारी आहे.

घरी दयामरण केल्यास प्रवास व दवाखान्याची भीती दोन्ही टळतात. मात्र सर्व पशुवैद्यक घरभेट देत नाहीत, आणि गुंतागुंत उद्भवल्यास दवाखान्यातील साधने हाताशी नसतात.

### आधी ठरवायच्या बाबी

पुढील बाबी प्राण्याला आत नेण्यापूर्वी ठरवल्या जातात:

* लेखी संमतिपत्रावर स्वाक्षरी व शुल्काचा भरणा
* कोण उपस्थित राहणार व कोण बाहेर थांबणार
* गुंगीचे औषध आधी दिले जाणार का
* पंजाचा ठसा, केसांची बट किंवा गळ्यातील पट्टा आठवण म्हणून ठेवायचा का
* पार्थिवाचे दहन करायचे की दफन
* घरी परतताना वाहन कोण चालवणार

संमतिपत्रात प्राण्याने अलीकडे कोणाला चावा घेतला आहे का, हेही सामान्यतः विचारले जाते. रेबीजचा संशय असल्यास मेंदूच्या ऊतींची तपासणी करावी लागू शकते, त्यामुळे ही माहिती लपवणे संबंधितांच्या जिवावर बेतू शकते.

### शेवटचे खाणे

या प्रक्रियेसाठी प्राण्याला उपाशी ठेवणे सहसा आवश्यक नसते. खाण्याची इच्छा असल्यास त्याचा आवडता घास देता येतो. तथापि, गुंगी आणणाऱ्या काही औषधांनी ओकारी येते व मांजरांत तिचे प्रमाण अधिक असते. म्हणून किती व केव्हा द्यावे हे डॉक्टरला विचारले जाते.

## प्रक्रिया

### गुंगी

शांततापूर्ण दयामरणात सामान्यतः दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात त्वचेखाली किंवा स्नायूत इंजेक्शन देऊन गुंगी आणली जाते. यासाठी झायलाझिन, मेडेटोमिडिन, असेप्रोमाझिन, केटामाइन यांसारखी औषधे एकेकटी किंवा मिश्रणाने वापरली जातात. त्यांचा परिणाम दिसण्यास साधारणतः ५ ते १५ मिनिटे लागतात. या काळात प्राण्याशी हळू आवाजात बोलणे, त्याला सवयीच्या जागी कुरवाळणे व खोलीत शांतता राखणे महत्त्वाचे असते. झायलाझिनसारख्या औषधाने गुंगलेला प्राणी मोठा आवाज किंवा अचानक स्पर्श झाल्यास दचकून जागा होऊ शकतो. कुटुंबीयांना निरोप घेण्यासाठीही हाच वेळ मिळतो.

### शिरेचा मार्ग

दुसऱ्या टप्प्यापूर्वी पुढच्या किंवा मागच्या पायावरील थोडे केस कापून शिरेत कॅन्युला ही बारीक लवचिक नळी बसवली जाते. तिला जोडनळी लावल्यास डॉक्टर मागच्या बाजूला बसून औषध देऊ शकतो व प्राण्याच्या डोक्याजवळची जागा कुटुंबासाठी मोकळी राहते. ती योग्य जागी आहे याची खात्री थोडे सलाइन सोडून केली जाते. औषध शिरेबाहेर गेल्यास जळजळ होते व परिणामही लांबतो.

पाण्याचे प्रमाण घटलेल्या, रक्तदाब उतरलेल्या किंवा अतिवृद्ध प्राण्यांत शीर सापडणे कठीण असते. काही गुंगीकारक औषधेही रक्तवाहिन्या आकुंचित करतात, त्यामुळे अशा प्राण्यात कधी कधी कॅन्युला गुंगीपूर्वीच बसवली जाते. शीर मिळतच नसल्यास उदरपोकळीत औषध देता येते, पण त्याला अधिक वेळ लागतो. थेट हृदयात इंजेक्शन केवळ पूर्ण बेशुद्ध प्राण्यालाच देणे मान्य आहे.

### अंतिम औषध

जगभर सर्वाधिक स्वीकारलेले औषध पेंटोबार्बिटाल हे आहे. बार्बिट्युरेट गटातील हे औषध मेंदूचे कार्य मंदावते. शिरेतून मोठ्या मात्रेत दिल्यावर काही सेकंदांतच शुद्ध हरपते, मग श्वास थांबतो व त्यानंतर काही मिनिटांत हृदय थांबते. श्वास व हृदय थांबण्यापूर्वीच शुद्ध गेलेली असल्याने प्राण्याला गुदमरल्याची जाणीव होत नाही.

भारतात पेंटोबार्बिटाल अंमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ अन्वये नियंत्रित आहे व अनेक ठिकाणी ते सहज मिळत नाही. त्यामुळे अनेक पशुवैद्यक थायोपेंटालने खोल भूल देऊन त्यानंतर मॅग्नेशियम सल्फेट किंवा पोटॅशियम क्लोराइड यांचे द्रावण शिरेतून देतात. प्राणी पूर्ण बेशुद्ध असेल तरच ही पद्धत मानवी समजली जाते. पोटॅशियम क्लोराइड शुद्धीवर असलेल्या प्राण्यात वेदना निर्माण करून हृदय थांबवते. मॅग्नेशियम सल्फेट व स्नायू शिथिल करणारी औषधे शुद्ध असतानाच श्वसनाचे स्नायू बंद पाडू शकतात. तेव्हा प्राणी बाहेरून शांत दिसला तरी आत गुदमरत असतो. म्हणून ही द्रव्ये एकटीच वापरणे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार अमान्य आहे. खोल भूल दिली आहे का व तिची खोली कशी तपासली, हा प्रश्न पालकाने डॉक्टरला आधी विचारणे उचित समजले जाते.

### मृत्यूची खात्री

स्टेथोस्कोपने हृदयाचे ठोके काही मिनिटे ऐकून, श्वास थांबल्याचे पाहून व डोळ्याच्या बुबुळाला स्पर्श केल्यावर पापणी हलत नाही हे तपासून पशुवैद्यक मृत्यू घोषित करतो. श्वास थांबणे हा एकटा पुरावा पुरेसा मानला जात नाही. ही तपासणी पूर्ण होण्यापूर्वी शरीर हलवले जात नाही.

## शरीरात दिसणारे बदल

मृत्यूनंतर दिसणाऱ्या काही गोष्टी पूर्वकल्पना नसल्यास कुटुंबाला धक्का देतात. प्राण्याचे डोळे बहुधा उघडेच राहतात. स्नायू सैल पडल्याने मलमूत्र बाहेर पडू शकते, म्हणून अंगाखाली शोषून घेणारे कापड ठेवले जाते. काही मिनिटांपर्यंत स्नायू थरथरतात किंवा छाती एक-दोनदा श्वास घेतल्यासारखी हलते. या हालचाली मेंदूचे जाणिवेचे कार्य थांबल्यानंतरच्या असतात व त्या वेदनेची किंवा शुद्धीवर आल्याची खूण नसतात. हे आधी समजावून सांगणे पशुवैद्यकाचे काम मानले जाते, कारण तसे न केल्यास प्राण्याला त्रास झाला, असा समज पालकाच्या मनात कायमचा राहू शकतो.

## कुटुंबीयांची उपस्थिती

ओळखीचा आवाज, वास व स्पर्श यांमुळे बहुतेक प्राणी शांत राहतात, त्यामुळे किमान गुंगी येईपर्यंत कोणीतरी जवळ असावे अशी शिफारस केली जाते. अंतिम इंजेक्शनच्या वेळी थांबणे मात्र बंधनकारक नसते. ज्यांना ते दृश्य सहन होणार नाही असे वाटते, ते प्राण्याला गाढ गुंगी आल्यावर बाहेर जाऊ शकतात. त्या वेळी प्राण्याला त्यांच्या जाण्याची जाणीव होत नाही. कुटुंबातील अन्य व्यक्ती किंवा प्राण्याच्या परिचयाचा मदतनीसही सोबत करू शकतो.

लहान मुलांना काय घडणार आहे ते त्यांच्या वयानुसार सोप्या व स्पष्ट शब्दांत सांगावे, असे बालमानसतज्ज्ञ सुचवतात. 'झोपवले' असे सांगितल्यास मुलांना स्वतःच्या झोपेचीच भीती वाटू शकते व 'दूर गेला' असे सांगितल्यास ती त्याची वाट पाहत राहतात. मोठ्या मुलांना उपस्थितीविषयी स्वतः निवड करू दिली जाते.

घरातील इतर प्राणी सोबत्याच्या अनुपस्थितीनंतर काही काळ त्याला शोधतात, कमी खातात किंवा अधिक आवाज करतात. त्यांना मृत सोबत्याचा वास घेऊ दिल्यास हा शोध कमी होतो, असा काही पालकांचा व पशुवैद्यकांचा अनुभव आहे. प्रक्रिया चालू असताना मात्र त्यांना दुसऱ्या खोलीत ठेवले जाते.

## अंत्यविधी

पेंटोबार्बिटालचे अंश मृत शरीरात दीर्घकाळ टिकतात. असे शव उघड्यावर टाकल्यास किंवा उथळ पुरल्यास ते खाणारे कुत्रे, गिधाडे व इतर मांसभक्षी प्राणी विषबाधेने मरू शकतात. त्यामुळे दहन हा अधिक सुरक्षित पर्याय मानला जातो. दफन करायचे असल्यास खड्डा खोल असावा लागतो व जागा विहीर, ओढा किंवा नदीपासून दूर असावी लागते. सार्वजनिक जागेत परवानगीशिवाय दफन करता येत नाही.

बृहन्मुंबई महानगरपालिकेने मालाड येथे २०२३ मध्ये लहान प्राण्यांसाठी नैसर्गिक वायूवर चालणारी दहनभट्टी सुरू केली. इतर काही शहरांतही महापालिका किंवा प्राणिकल्याण संस्था अशी सोय पुरवतात. सामूहिक दहनात अस्थी वेगळ्या मिळत नाहीत, त्यामुळे अस्थी हव्या असल्यास स्वतंत्र दहनाची मागणी आधीच करावी लागते.

## भारतातील कायदा

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम, १९६० हा भारतातील मुख्य कायदा आहे. त्याच्या कलम ११ नुसार प्राण्याला हृदयात स्ट्रिक्नीन टोचून किंवा अन्य अनावश्यक क्रूर रीतीने मारणे हा गुन्हा आहे. कलम १३ मध्ये वेदनेने तळमळणाऱ्या प्राण्याला जिवंत ठेवणेच क्रूरतेचे ठरेल अशा प्रसंगी न्यायालय, दंडाधिकारी व पोलीस अधिकारी यांना विहित पद्धतीने त्याचे जीवन संपवण्याचा आदेश देण्याचे किंवा तशी कार्यवाही करण्याचे अधिकार दिले आहेत. पालकाच्या विनंतीवरून दवाखान्यात होणाऱ्या दयामरणाची स्वतंत्र कार्यपद्धती या अधिनियमात दिलेली नाही. ते पशुवैद्यकाच्या व्यावसायिक निर्णयावर चालते. प्राण्याला ठार मारून केलेली आगळीक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ अन्वये शिक्षापात्र आहे.

भटक्या कुत्र्यांसाठी २००१ मध्ये प्राणी जन्म नियंत्रण नियम करण्यात आले. असाध्य आजारी व प्राणघातक जखमी कुत्र्यांचे दयामरण पात्र पशुवैद्यकाकडून मानवी पद्धतीने व्हावे, एका कुत्र्यासमोर दुसऱ्याचे दयामरण करू नये आणि विल्हेवाटीपूर्वी मृत्यूची खात्री करावी, अशा तरतुदी त्यांत होत्या. पिसाळलेल्या कुत्र्याला मात्र नैसर्गिक मृत्यू येईपर्यंत विलग ठेवण्यास त्यांत सांगितले होते. २०२३ मध्ये या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली.

## नैतिक व धार्मिक भूमिका

दयामरणाच्या समर्थकांच्या मते प्राण्याला भविष्यातील बरे होण्याची आशा धरून वेदना सोसता येत नाही. तो केवळ वर्तमानातील यातना अनुभवतो, म्हणून ती संपवणे हे पालकाचे अखेरचे कर्तव्य ठरते. विरोधकांच्या मते जीवन संपवण्याचा अधिकार माणसाला नाही व वेदनाशमन आणि शुश्रूषा यांच्या आधारे नैसर्गिक मृत्यूची वाट पाहिली पाहिजे. जैन परंपरेत अहिंसेच्या तत्त्वामुळे व हिंदू समाजातील अनेकांत कर्मभोगाच्या कल्पनेमुळे दयामरणास विरोध आढळतो. भारतातील अनेक प्राणिआश्रय व पांजरपोळ त्यामुळे दयामरण करत नाहीत. काही पशुवैद्यकही वैयक्तिक श्रद्धेमुळे ते करण्यास नकार देऊन पालकाला दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवतात.

नैसर्गिक मृत्यू नेहमीच शांत असतो असे नाही. मूत्रपिंड निकामी झालेल्या किंवा फुप्फुसात पाणी साठलेल्या प्राण्याचे अखेरचे दिवस अत्यंत यातनामय असू शकतात. दयामरण नको असल्यास वेदनाशमन, प्राणवायू, जखमांची निगा व कूस बदलणे यांची नियमित व्यवस्था आवश्यक ठरते. उपचाराशिवाय केवळ वाट पाहणे हा या दोन्हींपैकी कोणत्याही भूमिकेने सुचवलेला मार्ग नाही.

निरोगी प्राण्याला स्थलांतर, खर्च किंवा गैरसोय यांमुळे मारण्याची मागणीही पशुवैद्यकांकडे होते. अशा मागणीला अनेक पशुवैद्यक नकार देतात व दत्तक देण्याचा पर्याय सुचवतात.

## शोक व पशुवैद्यकांवरील परिणाम

दयामरणानंतर पालकांना दुःखासोबत अपराधी भावनाही जाणवते. निर्णय फार लवकर घेतला किंवा फार उशिरा घेतला, असे दोन्ही विचार एकाच व्यक्तीच्या मनात येऊ शकतात. समाजाकडून पुरेशी मान्यता न मिळणाऱ्या शोकासाठी अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये 'वंचित शोक' या अर्थाची संज्ञा रूढ केली व पाळीव प्राण्याच्या मृत्यूचा शोक त्याचे उदाहरण मानला जातो. निर्णयामागची वैद्यकीय कारणे पशुवैद्यकाने प्रक्रियेपूर्वी स्पष्ट सांगितल्यास व प्राण्याचे शेवटचे क्षण शांततेत गेल्याचे पालकाने पाहिले असल्यास, ही अपराधी भावना हलकी होण्यास मदत होते.

वारंवार दयामरण करावे लागणे हा पशुवैद्यक व मदतनीस यांच्या मानसिक ताणाचा एक स्रोत आहे. ब्रिटन व अमेरिकेतील अभ्यासांत पशुवैद्यकांमधील आत्महत्येचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा अधिक आढळले असून त्याच्या संभाव्य कारणांत या ताणाचा व घातक औषधांच्या सहज उपलब्धतेचा समावेश केला जातो. काही दवाखान्यांत प्रक्रियेनंतर लगेच पुढचा रुग्ण न घेता थोडा अवकाश ठेवला जातो. त्यामुळे कुटुंबाला मृत प्राण्याजवळ काही वेळ बसता येते व कर्मचाऱ्यांनाही विसावा मिळतो.

## हे सुद्धा पहा

* दयामरण
* पशुवैद्यकशास्त्र
* पांजरपोळ
* रेबीज
* अहिंसा